बी.एस्सी.चा प्रकल्प: प्रश्न लहान, मोजणी पक्की

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत विद्यार्थ्याने इतकी प्रॅक्टिकल केलेली असतात की रीडिंग ‘जमवणे’ ही एक स्वतंत्र कला त्याला अवगत झालेली असते. उत्तर आधीच ठाऊक असते, मागच्या बॅचचे जर्नल शेजारी उघडे असते आणि तासाच्या शेवटी सही घेऊन बाहेर पडायचे असते, त्यामुळे उत्तरावरून मागे जात आकडे भरण्याची सवय लागते. याचे आपल्या शहरातले नेमके उदाहरण म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि त्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. थर्मामीटर ते प्रामाणिकपणे दाखवतो. विद्यार्थी मात्र तो बिघडला असावा असे समजून जर्नलमध्ये १०० लिहितो, आणि त्यावर सहीही होते.

स्वतंत्र प्रकल्पात ही सोय नसते, कारण त्याचे उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार झालेल्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि संशोधन प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत, त्यामुळे पूर्वी हौशी विद्यार्थ्यांपुरती असलेली ही गोष्ट आता सर्वांच्या वाट्याला आली आहे. तिच्यासोबत झेरॉक्सच्या दुकानातून बाइंडिंगसकट तयार ‘ब्लॅकबुक’, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, घेण्याचा मोहही आला आहे. ज्यांना तो मार्ग पत्करायचा आहे त्यांना पुढील मजकुराचा काही उपयोग नाही. प्रकल्प स्वतःच्या हाताने करायचा आहे, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, अशांसाठी हे लिहिले आहे. विषय किती भव्य आहे यापेक्षा आपण काढलेला आकडा किती चुकू शकतो हे सांगता येणे अधिक मोलाचे आहे, आणि प्रकल्पातला बहुतेक वेळ त्यासाठीच राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय आणि प्रश्न

दरवर्षी जुलैमध्ये हमखास पुढे येणारा विषय म्हणजे ‘मुळा-मुठा नदीचे प्रदूषण’. हा विषय आहे, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर एका वाक्यात, आकड्यासह आणि एककासह देता यावे. ‘आमच्या सोसायटीत येणारे महापालिकेचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी यांच्या काठिण्यात (जडपणात) किती फरक आहे आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तो बदलतो का?’ हा प्रश्न ऐकायला साधा आहे, पण तो एका सत्रात, कॉलेजच्या प्रयोगशाळेतील साहित्याने आणि रिक्षाभाड्यापलीकडे फारसा खर्च न करता सुटतो.

प्रश्न ठरवताना स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. हीच मोजणी मला दर आठवड्याला पुन्हा करता येईल का? लागणारे साधन माझ्या विभागात आहे का, की ते ‘मिळेल’ अशा आश्वासनावर मी विसंबून आहे? आणि उत्तर ‘काही फरक आढळला नाही’ असे आले तरी ते लिहिण्याजोगे असेल का? तिसऱ्या कसोटीवर बरेच विषय गळतात. अमुक पाल्याच्या अर्काने अमुक जिवाणू मरतात का, हा लोकप्रिय विषय बहुधा येथेच अडतो, कारण जिवाणू मेले नाहीत तर विद्यार्थ्याला प्रकल्प फसल्यासारखे वाटते आणि मग पुन्हा रीडिंग जमवण्याचा मोह होतो.

पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला असे लहान प्रश्न शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. भूगाव, कोथरूड, स्वारगेट आणि हडपसर अशा चार ठिकाणी राहणाऱ्या चार मित्रांनी एकाच प्रकारची घरगुती पर्जन्यमापके बसवली, तर हा उतार पावसाळ्याच्या चार महिन्यांत आकड्यांत पाहता येतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी टेकड्या आहेतच. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची म्हणजे ग्लिरिसिडियाची मोठी लागवड आहे. तिच्या सावलीत आणि शेजारच्या मोकळ्या गवताळ भागात एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी टाकून किती जाती आढळतात हे मोजणे हा सप्टेंबर-ऑक्टोबरमधला उत्तम प्रकल्प आहे, कारण त्या वेळी गवते फुलोऱ्यात असतात आणि ओळखता येतात. फक्त चौकट कोठे टाकायची हे डोळ्यांनी ठरवू नये. हिरवेगार दिसेल तेथे पाय आपोआप वळतात, म्हणून जागा यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून किंवा मोबाइलवर काढलेल्या यादृच्छिक संख्यांवरून निवडाव्यात आणि त्या ठिकाणी नुसता दगड निघाला तरी ‘शून्य जाती’ अशी नोंद करावी.

एक प्रकल्प जवळून: तीन प्रकारचे पाणी

पाण्याच्या काठिण्याचे उदाहरण थोडे विस्ताराने घेतो, कारण पद्धत प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही तीत शिकण्यासारखे बरेच असते. बोलीत आपण ज्याला ‘जड पाणी’ म्हणतो त्याचे काठिण्य ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या रसायनाच्या अनुमापनाने (टायट्रेशनने) मोजतात. ०.०१ मोलर ईडीटीए ब्युरेटमध्ये, ५० मिलिलिटर नमुना कॉनिकल फ्लास्कमध्ये, अमोनियाचे बफर घालून पीएच १० वर आणायचा, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी हे रंग बदलणारे इंडिकेटर टाकायचे आणि वाइनसारखा लाल रंग पूर्ण निळा होईपर्यंत अनुमापन करायचे. ब्युरेटचे मिलिलिटरमधले रीडिंग २० ने गुणले की दर लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपातले मिलिग्रॅम मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे.

इथपर्यंत सर्व प्रॅक्टिकलच्या पुस्तकात असते. प्रकल्प याच्यापुढे सुरू होतो. पहिले दोन आठवडे सोसायटीच्या पाण्याला हातही न लावता एकाच बाटलीतल्या एकाच पाण्याचे पाच वेळा अनुमापन करावे. समजा रीडिंग ८.४, ८.५, ८.४, ८.६ आणि ८.४ आली. सरासरी ८.४६, म्हणजे दर लिटरला सुमारे १६९ मिलिग्रॅम. प्रमाण विचलन (रीडिंग सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) ०.०९ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ २ मिलिग्रॅम. आता पुढच्या आठवड्यात त्याच नळाचे एकेक रीडिंग घेऊन १७१ आले, तर ‘काठिण्य वाढले’ असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ते २२० आले तर आहे. हा फरक कळण्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही, एकच कंटाळवाणे काम पाच वेळा करण्याची तयारी लागते.

यानंतर जोडीदाराला तेच पाणी द्यावे. येथे गंमत होते. लाल आणि निळा यांच्या मध्ये एक जांभळट टप्पा येतो आणि काही जण तेथेच थांबतात, तर काही जण त्यातला तांबूस रंगाचा शेवटचा अंश जाईपर्यंत थेंब सोडत राहतात. दोघांची रीडिंग आपापल्या ठिकाणी एकमेकांशी छान जुळतात, पण दोघांमध्ये ०.३ मिलिलिटरचा, म्हणजे ६ मिलिग्रॅमचा कायमचा फरक राहतो. फेब्रुवारीत एकाने आणि एप्रिलमध्ये दुसऱ्याने अनुमापन केले तर पाणी बदलल्याचा भास होईल, प्रत्यक्षात बदललेला असेल तो डोळा. यावर उपाय म्हणजे एंड पॉइंटला पोचलेला एक फ्लास्क तुलनेसाठी शेजारी ठेवणे, खाली पांढरी टाइल ठेवणे, आणि शक्य तेव्हा खिडकीजवळच्या उजेडात काम करणे. पिवळट दिव्याखाली हा निळा रंग फसवतो.

तिसरी पायरी ब्लँकची, म्हणजे नमुन्याऐवजी नुसते डिस्टिल्ड वॉटर घेऊन तेच अनुमापन करण्याची, आणि तिच्याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगण्यासारखा आहे. मी विद्यार्थी असताना आमच्या विभागात डिस्टिल्ड वॉटरचा एक मोठा कॅन होता. सुट्टीनंतर तो रिकामा दिसला म्हणून कोणीतरी नळाच्या पाण्याने भरून ठेवला होता. मी तीन आठवडे त्याच पाण्याने द्रावणे बनवली आणि काचेची भांडी विसळली. ब्लँक घेण्याचा कंटाळा केला नसता, तर इंडिकेटर टाकल्याबरोबर आलेल्या लाल रंगाने पहिल्याच दिवशी चोरी पकडली असती. ती तीन आठवड्यांची पाने मला अखेरीस वाया घालवावी लागली, आणि लॅबमधल्या मामांनी ‘कॅनमधल्या पाण्याची चव घेऊन बघायची होती’ असा सल्लाही दिला. (प्रयोगशाळेत कशाचीही चव घेऊ नये, हे येथे सांगणे आवश्यक आहे.)

नमुना घेण्यातही शिस्त लागते. बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी, नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, तारीख, वेळ आणि पाण्याचा स्रोत बाटलीवरच लिहावा. महापालिकेचे पाणी म्हणजे मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांत साठलेले पावसाचे पाणी, ते तुलनेने मृदू असते. बेसॉल्टच्या भेगांमधून मुरलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अधिक उतरलेले असते. त्यामुळे बोअरच्या नमुन्याला ब्युरेट २० मिलिलिटरपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी २५ मिलिलिटर नमुना घेऊन तो डिस्टिल्ड वॉटरने ५० पर्यंत वाढवावा, रीडिंगला २० ऐवजी ४० ने गुणावे आणि बफर घातल्यापासून पाच मिनिटांच्या आत अनुमापन संपवावे, अन्यथा कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो. टाकीत बोअर आणि टँकरचे पाणी एकत्र होत असेल तर तुमचे तीन प्रकार दोनच उरतात, म्हणून आधी सोसायटीच्या वॉचमनकडून कोणते पाणी कोणत्या टाकीत आणि कोणत्या दिवशी पडते हे समजून घ्यावे. सचिवांना लेखी अर्ज द्यावा. ‘हे पेपरात छापून येणार का?’ हा प्रश्न येतोच; अहवालात सोसायटीचे नाव न घालता ‘ठिकाण अ’, ‘ठिकाण ब’ असे लिहिले जाईल हे अर्जातच नमूद केले की परवानगी सहज मिळते.

साधने: विकत घेण्यापूर्वी आणि नंतर

भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांची पावले बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. आर्डुइनो, ब्रेडबोर्ड, जंपर वायर, सेन्सर असे सगळे तेथे एका फेरीत मिळते. मात्र यादी घेऊन जावे आणि एक सेन्सर लागत असेल तर तीन घ्यावेत. तापमानासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीएस१८बी२० या सेन्सरची अचूकता उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात अर्धा अंश वर-खाली अशी दिलेली असते. म्हणजे दोन चांगल्या सेन्सरमध्येही एका अंशापर्यंत फरक पडू शकतो. ‘टेकडीवर आणि रस्त्यावर किती अंशांचा फरक आहे’ असा प्रश्न घेणाऱ्याने एक सेन्सर येथे आणि एक तेथे लावून थेट निष्कर्ष काढला, तर तो टेकडीचे तापमान मोजत नसून दोन सेन्सरमधला फरक मोजत असण्याची शक्यता आहे.

यासाठी तिन्ही सेन्सर एकत्र बांधून बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी असलेल्या थर्मासमध्ये अर्धा तास ठेवावेत आणि प्रत्येक जण शून्यापासून किती दूर आहे ते लिहून ठेवावे. चुरा हवा, मोठ्या खड्यांमधल्या पाण्याचे तापमान एकसारखे राहत नाही. नंतर उकळत्या पाण्याच्या वाफेत तीच कृती करावी, आणि तेथे ९८ च्या जवळपास आकडा आला तर सेन्सरला दोष देऊ नये.

पर्जन्यमापकाला तर काहीच विकत घ्यावे लागत नाही, पण भूमितीकडे दुर्लक्ष चालत नाही. १५ सेंटिमीटर व्यासाच्या फनेलच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर असते, म्हणून १ मिलिमीटर पावसाचे १७.७ मिलिलिटर पाणी जमते. फनेलचा व्यास प्रत्यक्षात १५.२ असेल आणि तुम्ही १५ धरला, तर सबंध पावसाळ्याचा प्रत्येक आकडा पावणेतीन टक्क्यांनी चुकेल. व्यास तीन दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. प्लॅस्टिकचे फनेल सहसा पूर्ण गोल नसतात. मापकापासून जवळची भिंत किंवा झाड त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावे, आणि हवामान खात्याच्या नोंदींशी तुलना करायची असेल तर रीडिंग रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावे, कारण खात्याचा पावसाचा दिवस त्या वेळी बदलतो. रविवारी साडेआठला उठणे हा या प्रकल्पातला सर्वांत अवघड भाग आहे, असे विद्यार्थी सांगतात.

वही

वही बांधीव असावी, पाने क्रमांकित असावीत, लिखाण पेनाने असावे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, जेणेकरून तो वाचता येईल. व्हाइटनर वापरू नये. कच्च्या कागदावर लिहून घरी ‘फेअर’ करण्याची जर्नलची सवय येथे सोडावी लागते.

मार्गदर्शक आणि पुण्यातल्या संस्था

पुण्यासारखी संस्थांची दाटी देशात फार थोड्या शहरांत आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे, त्याच परिसरात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. आघारकर संशोधन संस्थेत आणि बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रात वनस्पतींचे हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) आहे. आकाशनिरीक्षणात रस असलेल्यांसाठी १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांकडे विद्यार्थी बहुधा चुकीच्या टप्प्यावर जातात. ‘सर, मला काहीतरी प्रोजेक्ट द्या’ असा एकच मेल वीस जणांना पाठवला जातो आणि उत्तर न आल्याची खंत वर्षभर बाळगली जाते.

दोन महिने स्वतः काम करून मग एकाच व्यक्तीला लिहावे. मेलमध्ये तुमचा प्रश्न एका वाक्यात असावा, तुम्ही घेतलेल्या मोजण्यांचा एक आलेख जोडलेला असावा आणि नेमकी विचारणा असावी: ‘ग्लिरिसिडियाखालच्या १२ चौकटींमधली दोन गवते मला ओळखता आलेली नाहीत, वाळवलेले नमुने आणि छायाचित्रे तयार आहेत, हर्बेरियममध्ये पडताळणीसाठी कधी येऊ?’ अशा पत्राला उत्तर देणे सोपे असते, म्हणून ते मिळण्याची शक्यताही वाढते. तिन्ही विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यासारख्या संस्थांचे सुट्टीतले कार्यक्रम यांच्या जाहिराती उन्हाळ्याच्या कितीतरी आधी निघतात. तेथेही ‘मला संशोधनाची आवड आहे’ या वाक्यापेक्षा बर्फात बुडवलेल्या तीन सेन्सरचा आलेख अधिक बोलतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी विज्ञान प्रदर्शन भरते, तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी काही जवळून पाहता येतात. जाऊन यावे, पण त्याला प्रकल्पाच्या तासांत धरू नये.

कॉलेजमधला मार्गदर्शक मात्र पहिल्या दिवसापासून हवा. त्याच्याकडून विषय मागण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी वहीवर तारखेसह सही मागावी. व्यस्त प्राध्यापकही सही करताना पान चाळतात आणि ‘ब्लँक कुठे आहे?’ हा प्रश्न वेळेत विचारतात.

परवानग्यांबाबत थोडक्यात: टेकड्यांचा बराचसा भाग वन विभागाच्या ताब्यात आहे, म्हणून नमुने तोडण्यापूर्वी कॉलेजच्या पत्रासह लेखी अनुमती घ्यावी आणि जेथे छायाचित्राने भागते तेथे झाड उपटू नये. पक्षी, साप, फुलपाखरे पकडण्याचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ विद्यार्थ्यांना वगळत नाही. नदीत उतरून नमुना घेऊ नये, पुलावरून दोरीला बांधलेली बादली पुरते. एकट्याने जाऊ नये.

अहवाल आणि वायवा

अहवाल लिहिताना प्रस्तावनेची पंधरा पाने इंटरनेटवरून उचलण्यापेक्षा, मोजणी कशी केली याची चार पाने स्वतःच्या शब्दांत लिहावीत. ती वाचून पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तुम्हाला फोन न करता तेच काम करता आले पाहिजे. प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता द्यावी आणि अनिश्चितता दोन मिलिग्रॅम असताना १६९.२० असे दशांश लिहू नयेत. गाळलेली रीडिंग का गाळली हे सांगावे. एक्स्टर्नल परीक्षक बहुधा पहिल्यांदा आलेखातल्या विचित्र बिंदूवरच बोट ठेवतात. ‘त्या दिवशी टँकर आला होता, पान क्रमांक ४१ वर नोंद आहे’ असे सांगता आले की पुढची वायवा गप्पांसारखी होते.

सादरीकरण झाल्यावर उरलेल्या ईडीटीएच्या बाटलीवर संहती, तारीख आणि नाव लिहून ती मामांच्या हवाली करावी, मूळ आकड्यांची फाइल विभागाच्या संगणकावर ठेवावी आणि वहीची छायाप्रत काढून घेऊन मूळ वही विभागाच्या कपाटात जमा करावी. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘नळाचे पाणी भरू नये’ असे लिहून मगच बाहेर पडावे.